मुकादमाची सुट्टी

आमच्या कारखान्यातून गेलेला सोफा कधी परत आला नाही. कुणालाही विचारा. याचं श्रेय माझा मुलगा स्वतःकडे घेतो, त्याचे वडील स्वतःकडे घेतात, आणि मी दोघांनाही घेऊ देते. पुरुषमाणसांना अधूनमधून काहीतरी घेऊ द्यावं लागतं, नाहीतर रुसतात. पण खरं काम होतं मुकादमाचं.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. रंगानं तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि चेहरा असा गंभीर की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. सोफा तयार झाला, कापड ताणून बसलं, शेवटची चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकून झाली, की तो उडी मारून वर चढायचा. स्वतःभोवती गोल फिरायचा, धपकन बसायचा, आणि नाकातून लांबलचक श्वास सोडायचा. हुश्श. तो श्वास आला की सोफा पास, गाडीत चढवा. नुसताच बसून इकडेतिकडे बघत राहिला, किंवा उठून दुसऱ्या टोकाला गेला, तर समजायचं की आत काहीतरी गडबड आहे.

आमचे चिरंजीव सुरुवातीला हसायचे. "आई, आता कुत्र्याला विचारून धंदा करायचा का?"

एकदा असाच एक सोफा मुकादमानं नापास केला. चिरंजीव म्हणाला, सगळं ठीक आहे, मी स्वतः भरलाय. मी म्हटलं, उघड. नाक मुरडत त्यानं खालचं किंतान सोडलं, आत हात घातला, आणि काय काढलं असेल? स्वतःची हातोडी. आठवडाभर ती शोधत होता, आणि तिच्यावरून सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता, माझ्यावरसुद्धा. त्या दिवसापासून मुकादमाचा शब्द शेवटचा.

तो आला तोही सोफ्यातूनच. कुणाच्या तरी बंगल्याच्या व्हरांड्यात बरेच दिवस पडलेला जुना सोफा दुरुस्तीला आला होता. आमच्या ह्यांनी तो उलटा केला, खालचं कापड फाडलं, तर काथ्यात गुरफटलेलं मुठीएवढं पिल्लू. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. सोफ्याच्या मालकिणीला मी फोन लावला. ती म्हणाली, "कुत्रं आमचं नाही हो."

मी म्हटलं, "सोफा तुमचा ना? मग पोटातलंही तुमचंच."

तिनं फोन ठेवला. मी वळून बघते तर पिल्लू ह्यांच्या शर्टाच्या आत, आणि हे छताकडे बघत उभे, जणू तिथं काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय. मी म्हटलं, "डोळे उघडेपर्यंत ठेवा, मग बाहेर." डोळे उघडले. उघडल्याबरोबर त्यानं मला बघितलं. मग मीच विषय काढला नाही.

थोडा मोठा झाल्यावर कापड कापायच्या टेबलाखाली बसून तो सगळ्यांची कामं बघायचा. स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही. "हा तर मुकादमच झाला," हे म्हणाले, आणि नाव पडलं ते पडलं.

आता माझी शिस्त सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमचं घर वर, कारखाना खाली. मी लग्न होऊन आले तेव्हा या कारखान्यात सोफे कमी तयार होत आणि सोफ्यांवर झोपणारेच जास्त असत. त्यांतले सगळ्यात गाढ झोपणारे आमचे हे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला हिशेबातलं फार कळत नव्हतं, पण घोरणं कळत होतं. मी नियम केला: मी खाली उतरले की कुणी बसलेलं दिसता कामा नये. मशीनवर बसून शिवणाऱ्याला तेवढी सूट. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, पायात लाकडी तळाच्या चपला. जिन्यावर पहिला आवाज झाला की खाली सगळे ताडकन उभे. मी येरझारा घालणार, चुका काढणार, आणि जेवणाची वेळ झाली की मोठ्यानं म्हणणार, "सुट्टी!" त्यानंतर कुणी बसावं, लोळावं, मला देणंघेणं नाही.

मुकादमानं ही शिस्त कुणी न शिकवता उचलली. किल्ल्या वाजल्या की तो सगळ्यांच्या आधी उभा. मी असेपर्यंत उभा. "सुट्टी" म्हटलं की सगळ्यांच्या आधी आडवा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात. आमच्याकडे शेपूट सरळ होतं, वाकडी होती ती माणसं. मी मुलाला कितीदा म्हणाले असेन, जनावराकडून शीक जरा. तो म्हणायचा, "त्याला पगार नाही, म्हणून त्याला परवडतं."

वर्षं गेली. माझे केस पांढरे झाले, मुकादमाचं तोंड पांढरं झालं. मुलाचं लग्न झालं, सूनबाई आली. हात सफाईदार, बोलणं कमी, पण जे बोलेल ते बरोबर वर्मी लागेल असं. म्हणजे माझ्या पसंतीची, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. मुकादम हल्ली सोफ्यावर चढेनासा झाला होता. मी विचारलं तर चिरंजीव म्हणाला, "आता तो खालूनच वास घेऊन पास करतो, आई."

मला पटलं. अनुभवी माणसाला प्रत्येक वेळी वर चढावं लागत नाही.

मग एक दिवस मी खाली आले तर जनावरांची डॉक्टरीण आलेली. तरुण पोरगी, पायांत पुरुषी बूट, केस असे बांधलेले की कुठल्याही क्षणी सुटतील. मी उतरल्याबरोबर मुकादम उभा राहिला, शेपूट हलवलं. ती डॉक्टरीण त्याच्याकडे बघतच राहिली.

"आजी," ती म्हणाली, "त्याला फार दुखतंय हो. मागचे पाय गेल्यातच जमा आहेत. पोटात गाठ आहे. औषधानं थोडं कमी होईल, पण बरं होण्यातलं नाही. तुम्ही सगळ्यांनी विचार करा. एक इंजेक्शन असतं, झोप लागते, आणि…"

"एक तर मी तुझी आजी नाही," मी म्हटलं. "मालकीणबाई म्हण. आणि दुसरं, दुखत असतं तर तो असा उभा राहिला असता का? डोळे आहेत ना तुला?"

"पण तुम्ही यायच्या आधी तर तो—"

"मी यायच्या आधी इथं काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. लाडावून ठेवलाय सगळ्यांनी."

तिनं बॅग आवरली. गोळ्या देऊन गेली. रात्री जेवताना चिरंजीवानं विषय काढलाच. हे ताटात बघत राहिले. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "मी असेपर्यंत या घरातून कुणाला सुई टोचून वाटेला लावायचं नाही. ज्याला जायचंय तो आपल्या पायांनी जाईल. हा माझा शब्द."

माझा शब्द म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत आहे.  फक्त सूनबाई ताटं उचलताना म्हणाली, "पाय असले तर जाईल ना, आई." मी ऐकलं नाही असं दाखवलं. म्हणजे काय, ऐकलंच.

त्यानंतर खाली कुजबुज सुरू झाली. मी जिना उतरले की बंद, वर गेले की सुरू. मला कुजबुजीचा फार तिटकारा. बोलायचं तर तोंडावर बोला, नाहीतर तोंड शिवून घ्या, दाभण आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला खात्रीच झाली की माझ्या पाठीमागं हे तिघं त्या डॉक्टरणीला बोलावणार. म्हटलं, रंगेहाथ पकडते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी झोपायला चालले असं सांगितलं. थोडा वेळ गेला. मग चपला काढून हातात घेतल्या, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट आवळला, आणि मागच्या लोखंडी जिन्यानं उतरले. तो जिना गल्लीत उतरतो. तिथून मागच्या खोलीत, जिथं आम्ही काथ्या आणि फोमचे तुकडे ठेवतो. मधे किंतानाचा पडदा. पडद्याआड जाऊन उभी राहिले. या वयात, स्वतःच्याच घरात, चोरासारखी, हातात चपला. पण पकडायचं म्हणजे पकडायचं.

पडद्याच्या फटीतून बघितलं, आणि पहिल्यांदा मला मुकादम ओळखूच आला नाही.

तो पोत्यावर कुशीवर पडला होता. टाकून दिलेल्या ओल्या कापडासारखा. मागचे पाय एकावर एक, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते आणि चमच्यानं त्याला पाणी पाजत होते. आमचे हे, जे स्वतःच्या पाण्याचा पेला कधी स्वतः उचलत नाहीत, ते. त्यातलं अर्धं पाणी गालावरून खाली जात होतं आणि हे बाहीनं पुसत होते.

"चला, उचलू या," सूनबाई म्हणाली. "सकाळपासून बाहेर नेलं नाही त्याला."

चिरंजीवानं सोफ्याच्या खाली लावायचे दोन पट्टे आणले, रुंद, जाड विणीचे. एक पुढच्या पायांमागून घातला, एक मागच्या पायांपुढून. किती सफाईनं घातले! रोजची सवय असल्याशिवाय हात असे चालत नाहीत. त्यांनी उचललं, आणि मुकादम कण्हला. बारीक आवाज, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. असा आवाज त्याला काढता येतो हेच मला माहीत नव्हतं.

माझी मूठ सैल झाली असावी. किल्ली किल्लीवर आपटली, अगदी एकदाच.

त्याचा तो एक कान उभा राहिला. मग मान उठली. मग पट्ट्यात लोंबकळत असतानाच त्यानं पुढचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ताठ केले. नखं फरशीवर खरखर घासत होती. सगळं अंग थरथरत होतं, आणि तोंड जिन्याकडे.

"अरे, नाही, नाही," हे म्हणाले. "थांब रे राजा. ती नाही आली अजून."

"आल्या नाहीत त्या," सूनबाई त्याच्या कानाशी म्हणाली. "पड तू. नको उठूस."

तो पडला नाही. जिन्याकडे बघत तसाच ताठ राहिला, बराच वेळ. मग पाय आपोआप वाकले.

मी मूठ अशी आवळली की किल्ल्यांचे दात तळहातात घुसले. आल्या पावली मागं फिरले, लोखंडी जिना चढले, आणि वर पलंगावर बसले.

या घरात मला फसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, गिऱ्हाइकांना तर नाहीच. ते एका कुत्र्याला जमलं, आणि तेही माझा मान राखून. मला मोठा राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. त्या तिघांचा म्हणावा, तर ते चमच्यानं पाणी पाजत होते. डॉक्टरणीचा म्हणावा, तर तिनं सांगायला घेतलेलं मीच अर्ध्यात तोडलं होतं. मग म्हटलं, राग राहू दे. कापडाचा विचार करावा. आमच्या धंद्यात वरून विरलेलं चांगलं कापड कुणी फेकत नाही. उलटं करून लावतात. आतली बाजू कोरी करकरीत असते. शब्दाचंही तसंच. मी म्हणाले होते, आपल्या पायांनी जाईल. त्याचे पाय आधीच गेले होते. आता त्यांच्या मागून त्याला पाठवणं एवढंच राहिलं होतं. शब्द तोच, फक्त उलटून लावला.

सकाळी उठले. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. सूनबाई चहा गाळत होती. तिचा हात तसाच राहिला, चहा कपाच्या बाहेर.

"किल्ल्या विसरलात, आई?"

"विसरले नाही, ठेवल्यात. आणि तू त्यांच्यावर डोळा ठेवू नकोस."

"नाही हो. मला काय करायच्यात? सगळ्या गंजक्या," ती म्हणाली. पण तिचा आवाज मऊ होता. पोरगी हुशार आहे. तिला तेवढ्यात कळलं.

चपलाही वरच ठेवल्या. अनवाणी जिना उतरले, भिंतीला धरून. मी शेवटच्या पायरीवर येईपर्यंत खाली कुणाला पत्ता नाही. हे एका अर्धवट भरलेल्या खुर्चीवर बसले होते. मला बघून असे उठले की खुर्ची उलटली. चिरंजीवाच्या तोंडात चुका होत्या, त्यातल्या दोनतीन बाहेर पडल्या.

मुकादमानं मला बघितलं. आवाज आला नाही आणि बाई मात्र समोर, याचा मेळ त्याला लागेना. तरी त्यानं पुढचे पाय सावरायला घेतले. तो उठायच्या आत मी बसले. सरळ फरशीवर, त्याच्या पोत्याला लागून. गुडघे असे वाजले की मला वाटलं खालीच काहीतरी मोडलं.

कारखान्यात मी कधी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मुलगा घाबरून धावत आला. "आई, चक्कर आली का?"

"तुझ्या डोळ्यांदेखत बसले, पडले नाही. फोन लाव."

"कुणाला?"

"त्या बूटवालीला. म्हणावं मालकीणबाईंनी बोलावलंय. आज."

चिरंजीवानं वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे. ह्यांच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आत्ताच सुरू करू नका. अजून पुष्कळ काम पडलंय. तो दातवाल्याचा सोफा तपासायचा राहिलाय ना?"

दाताच्या डॉक्टरासाठी केलेला सोफा होता तो, त्याच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथला. गर्द हिरवं कापड, पाठीला बटणं, काम झकास. गाडी यायची होती.

"तो मी तपासलाय, आई," चिरंजीव म्हणाला.

"तू हातोडीसुद्धा तपासली होतीस. पट्टे आण."

तो पट्ट्यांकडे गेला आणि मधेच थबकला. पट्ट्यांचं मला कसं ठाऊक, हे त्याच्या डोक्यात आलं असणार. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. दोन पट्टे, चार टोकं. एक ह्यांनी धरलं, एक मुलानं, एक सूनबाईनं. चौथं मी. मुकादम हलका झाला होता. पूर्वी तो अंगावर उडी मारायचा तेव्हा भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. आता पिसांच्या उशीएवढं वजन. अलगद नेऊन आम्ही त्याला हिरव्या सोफ्याच्या मधोमध ठेवला. गोल फिरणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं मान तेवढी गोल फिरवली, आणि हनुवटी टेकली.

सगळे श्वास रोखून उभे. हुश्श काही येईना.

"पास करत नाहीये," हे हळूच म्हणाले.

"वेळ द्या त्याला," मी म्हटलं. मी परत खाली बसले होते, सोफ्याला पाठ लावून. त्याचं नाक माझ्या कानाशी.

मग त्याची मेजवानी झाली. सूनबाईनं अंडं उकडून आणलं, कुस्करून हातावर भरवलं. ह्यांनी चहात बुडवलेली बिस्किटं दिली, ज्यांना माझी कायमची मनाई होती.

"हे तुम्ही आजच पहिल्यांदा देताय वाटतं?" मी विचारलं.

"हो, म्हणजे… आजच," हे म्हणाले. मुकादमानं त्यांच्या खिशाकडे नाक वळवलं, जिथं दुसरा पुडा होता. जनावराला खोटं बोलता येत नाही, निदान बिस्किटांच्या बाबतीत.

मधेच दाताच्या डॉक्टराचा फोन आला. सोफा कधी येतोय? फोन मी घेतला. म्हटलं, "तुमच्या सोफ्याची तपासणी चालू आहे. तपासनीस वर बसलाय."

"किती वेळ लागेल?"

"तुमच्याकडे लोक दात धरून बसतात तेव्हा तुम्ही सांगता का किती वेळ लागेल? येईल आला की."

इकडे चिरंजीवाला राहवेना. हुश्श येत नाही म्हणजे आत नक्की काहीतरी राहिलंय, असं त्यानं मनाशी घेतलं. हा एवढा मोठा बाप्या पालथा पडून, बॅटरी घेऊन, सोफ्याच्या खाली शिरला आणि खालून एकेक स्प्रिंग दाबून बघायला लागला. वर कुत्रा निवांत, खाली हा घामाघूम.

"तुझी हातोडी कुठं आहे?" मी विचारलं.

"हातातच आहे, आई," खालून आवाज आला, आणि तो आवाज रडका होता. तेव्हा मला कळलं की स्प्रिंगा वगैरे काही नाही, त्याला सोफ्याखाली तोंड लपवायला जागा हवी होती. मी म्हटलं, "बघ नीट. सावकाश बघ."

सूनबाई मशीन सोडून माझ्या शेजारी येऊन बसली, जमिनीवर. हेही बसले. काम बंद, सगळे खाली, मालकीणसुद्धा. असा दिवस आमच्या कारखान्यानं कधी पाहिला नव्हता. ह्यांनी त्याला तो पिल्लू असतानाच्या गोष्टी सांगितल्या, ज्या त्याला ठाऊकच होत्या. शर्टाच्या आत त्यानं काय काय केलं होतं तेही सांगितलं. सूनबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. मुकादमाचं शेपूट हिरव्या कापडावर हळूहळू आपटत होतं.

डॉक्टरीण आली. दारातच थबकली. मला जमिनीवर बघून तिनं घाईघाईनं केस नीट केले.

"मालकीणबाई, मी… उठू नका, बसा."

"आजी म्हणालीस तरी चालेल आज," मी म्हटलं. "इकडून ये. तिकडं माझा मुलगा आहे, खाली. त्याच्यावर पाय देशील."

तिच्या बुटांचा आवाज झाला तसं मुकादमानं मान उचलली. पाऊल वाजलं की उभं राहायचं. पुढच्या पायांत पुन्हा तो ताण आला. आणि त्या क्षणी मला उमगलं, हुश्श का येत नाही ते. मी बसले होते, पण माझं बसणं त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याचा अर्थ त्याला कुठून कळणार? मालकीण कारखान्यात आहे म्हणजे काम चालू आहे. त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

मी वळले. त्याचं पांढरं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला जेवढ्या मोठ्यानं सगळा कारखाना हलवता येतो तेवढ्या मोठ्यानं म्हणायचं होतं. निघालं ते मात्र हळू, घरातलं.

"सुट्टी," मी म्हटलं. "सुट्टी झाली, मुकादम."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पायांतला ताण सुटला. अंग हिरव्या कापडात खोल बसलं, आणि नाकातून लांब, गरम श्वास आला, माझ्या मनगटावर. हुश्श.

"पास," हे म्हणाले. सोफ्याखालून कुणीतरी नाक ओढलं.

मग मी डॉक्टरणीला मान हलवून खूण केली. तिचा हात हलका होता. मुकादमाला कळलंसुद्धा नाही. तो सुट्टीवर होता.

संध्याकाळी आम्ही त्याला मागच्या अंगणात ठेवलं, जिथं तो हाडं पुरायचा आणि विसरायचा. खड्डा बापलेकांनी खणला. नव्या किंतानाची पिशवी मी स्वतः शिवली, झाकलेल्या टाक्यानं. तो टाका बाहेरून दिसत नाही, पण ओढून बघा, तुटायचा नाही. सूनबाईनं दोऱ्याची गाठ मारायला बोट धरलं. डॉक्टरीणही थांबली होती. जाताना हिरव्या सोफ्यावर टेकली, जरा रेलली, आणि म्हणाली, "काय मस्त आहे हो हा!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्याला शिक्का मिळालाय."

दुसऱ्या दिवशी सोफा गेला. सूनबाईनं त्यावरचे केस झटकून काढले. शिवणीत अडकलेला एक तांबूस केस राहिला, तो मी राहू दिला.

किल्ल्या परत कमरेला आल्या. घर चालवायचं म्हणजे त्या हव्यातच, आणि खिळ्यावर राहिल्या तर सूनबाई त्या घासून ठेवेल. आजही मी उतरले की सगळे ताडकन उभे राहतात. फक्त तपासणीचं काम रिकामं होतं. घरात ज्याला दुसरं काही काम नाही असा माणूस एकच, म्हणून ते ह्यांना दिलं. नवा सोफा झाला की हे वर चढतात, कुशीवर वळतात, आणि अगदी मनापासून नाकातून श्वास सोडतात. आजवर त्यांनी एकही सोफा नापास केलेला नाही. उपयोग शून्य. चिरंजीव बिचारा हल्ली प्रत्येक सोफा दोनदा तपासतो.

काल दुपारी मी खाली उतरत होते. अर्ध्या जिन्यावरून बघितलं तर हे नव्या दिवाणावर पसरलेले, तोंड उघडं, घोरणं सुरू. मी लग्न होऊन आले तेव्हाचंच, सुरातही फरक नाही. पायाशी कापडाचा एक तुकडा, मुकादमाचाच तांबूस रंग, कुणी ठेवला कोण जाणे.

मी किल्ल्या मुठीत धरल्या, चपला काढून हातात घेतल्या, आणि परत वर आले.